वर्गातली कविता आणि वहीतली कविता

वाचकाचं पत्र

ताई, मी राजापूर तालुक्यातली. लहानपणी आजी पहाटे नाचणी दळताना ओव्या म्हणायची, त्या ऐकत मी मोठी झाले. चौथीत पावसावर पहिली कविता केली, ती बाईंनी फळ्यावर लिहून सगळ्यांकडून म्हणवून घेतली. बारावीपर्यंत दोन वह्या भरल्या. डी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून विशेष शिक्षणाच्या पदविकेला गेले आणि त्यातच रमले. आता बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत शिकवते. मुलांवर जीव आहे. पण गेली काही वर्षं एक ओळ सुचत नाही. वर्गात गाणी म्हणते, तर बहीण विचारते, "त्यांना काय कळणार त्यातलं?" आता तालुक्यातल्या कविसंमेलनाचं बोलावणं आलंय. आयोजक म्हणतात, "तुमच्या मुलांवर कविता म्हणा, सभागृह रडलं पाहिजे." मन तयार होत नाही, पण नकाराचं कारणही सांगता येत नाही. त्यातच जवळच्या एका नेहमीच्या शाळेतून मराठी शिकवायला विचारणा झालीय. तिथे निदान कवितेशी संबंध राहील, असं वाटतं. काय करू?

– एक शिक्षिका

उत्तर

प्रिय ताई,

आधी तुमच्या बहिणीच्या प्रश्नाचं बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्याशी येऊन अडतं. "त्यांना काय कळणार?" हे तुम्ही फक्त बहिणीकडूनच ऐकलं नसणार. एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून, हळदीकुंकवाला आलेल्या नातेवाइकांकडून ऐकलं असेल. आणि पत्र वाचताना मला वाटलं, की थकलेल्या संध्याकाळी हाच प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारता.

तुम्ही चौथीच्याही आधी आजीच्या ओव्या ऐकल्यात. त्या वयात पंढरी म्हणजे काय, माहेरचा सांगावा म्हणजे काय, सासुरवास म्हणजे काय, यातलं तुम्हाला काय कळत होतं? तरी ओवी आत गेली. जात्याचा फेरा, आवाजाचा चढउतार, पुन्हापुन्हा येणारा शब्द आणि ओळ कुठे येऊन थांबणार याचा आधीच लागणारा अंदाज, हे सगळं आधी आलं. अर्थ फार नंतर आला. तुमच्या वर्गातल्या मुलांनाही कविता याच वाटेनं भेटते. काहींच्या बाबतीत अर्थापर्यंतचा रस्ता लांबचा असेल, काहींच्या बाबतीत तो शेवटपर्यंत जाणारही नाही. पण ओळ संपायच्या आधी मुलाच्या चेहऱ्यावर जी वाट पाहणं दिसतं, ते कळणंच आहे. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक आहे, आणि ते यावं असं त्याला वाटतंय.

यमकाचं महत्त्व अभ्यासातूनही दिसलेलं आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या दोघा संशोधकांनी १९८३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. अजून वाचायला न शिकलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी काही शब्द ऐकवले आणि त्यातला वेगळ्या नादाचा शब्द ओळखायला सांगितला. ज्यांना तो ओळखता आला, ती मुलं पुढे वाचनात आणि शब्दलेखनात सरस ठरली. ती मुलं इंग्रजी शिकणारी होती आणि आपली लिपी वेगळी आहे, म्हणून तो निष्कर्ष मी जसाच्या तसा तुमच्या वर्गावर ठेवणार नाही. पण कानाची तयारी अक्षरांच्या आधी होते, हे तुम्हीही रोज बघत असाल.

आणि समजा, एखादं मूल गाण्यातून काहीच शिकलं नाही, फक्त आनंदलं. तरी चालेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं २९ वं कलम सांस्कृतिक जीवन आणि करमणूक याबद्दलचं आहे. इतरांच्या बरोबरीनं त्यात भाग घेता येणं हा दिव्यांग व्यक्तीचा हक्क मानलेला आहे. नेहमीच्या शाळेतल्या मुलानं कविता म्हटली की त्यातून काय कमावलं, असं आपण विचारत नाही. तुमच्या मुलांकडे तेवढा हिशेब का मागायचा? बहिणीला हे जरूर सांगा, शांतपणे सांगा.

आता तुमच्या कानाबद्दल. दळताना बाई ओवी म्हणायची ती हाताच्या कामाशी बांधलेली असायची. खुंटा फिरतोय, मूठभर दाणे पडतायत आणि त्याच लयीत ओळ पुढे सरकतेय. काम लांबलं की ओव्या लांबल्या. तुमच्या शाळेत रोज जे शिकवलं जातं, म्हणजे हात धुणं, बटण लावणं, ताट मांडणं, ते याच जातीचं आहे. लहान लहान पायऱ्या एकामागून एक, त्याच क्रमानं, पुन्हापुन्हा. मूठभर साध्या ओळी त्यावर बसवता येतात:

नळ सोडला, पाणी आलं,
बोट बोट ओलं झालं.
साबण फिरला, फेस आला,
मळ सगळा धुऊन गेला.

पुढे नळ बंद करण्याची आणि हात पुसण्याची ओळ तुम्ही घाला. ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली जमेल. शेवटची पायरी आधी शिकवण्याची पद्धत तुम्हाला पदविकेत शिकवलेलीच आहे: सगळं आपण करायचं आणि फक्त हात पुसणं मुलावर सोडायचं. ते जमलं की नळ बंद करणं आणि पुसणं, असं उलटं मागे मागे जायचं. त्यामुळे काम पुरं झाल्याचं समाधान मुलाला पहिल्या दिवसापासून मिळतं. गाण्यातही तेच करून बघा. "मळ सगळा धुऊन..." इथे थांबा आणि 'गेला' मुलावर सोडा.

थांबा म्हणजे खरोखर थांबा. आपण शिक्षक थांबण्यात फार कमी पडतो. दोन सेकंद झाले की शब्द आपणच पुरवतो आणि मुलानं उत्तर दिलं नाही अशी नोंद करतो. काही मुलांना ऐकलेलं आत न्यायला आणि बाहेरचा आवाज जुळवायला वेळ लागतो. मनातल्या मनात सावकाश सात-आठपर्यंत मोजा. मुलाकडून 'गेला' येईल, नाहीतर 'ला' येईल, नाहीतर नुसती मान पुढे येईल, ओठ हलतील, हात तुमच्या हनुवटीकडे येईल. यातलं काहीही आलं तरी ते उत्तर धरा आणि ओळ पुरी करा.

एक सावधगिरी मात्र हवी. गाणं हा हात धरण्यासारखा आधार आहे, आणि आधार केव्हातरी सोडवावा लागतो. नाहीतर मूल बाईंच्या गाण्याशिवाय हातच धुणार नाही, आणि घरी न्हाणीपाशी तुम्ही नसणार. म्हणून काही आठवड्यांनी शब्द कमी करा, मग नुसती चाल गुणगुणा, मग बोटानं ताल द्या, मग गप्प राहा. शेवटी गाणं तुमच्या तोंडून गेलेलं असेल आणि मुलाच्या हातात उरलेलं असेल. कवितेचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

गाणी बांधताना घरची बोली घ्या, हे मी आग्रहानं सांगते. आपल्या किनाऱ्यावर दर दोन खाड्यांनी बोलणं बदलतं. मालवणी वेगळी, संगमेश्वरी वेगळी, मच्छीमार वाड्यांवरचं आणखी वेगळं. ज्या मुलाला एक शब्द पकडायला महिना लागतो, त्याला शाळेत एक आणि घरी दुसरा शब्द देणं म्हणजे त्याचे दोन महिने घेणं. पालकसभेला आया येतील तेव्हा विचारा: पाण्याला, भाताला, संडासला जायचं असेल तर, दुखतंय म्हणायला घरात काय म्हणता? ते शब्द वहीत लिहून ठेवा आणि गाण्यात तेच वापरा. प्रमाण भाषेची शुद्धता इथे आपल्या काही कामाची नाही.

काही स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं एखादी ओळ पाठ झाल्यासारखी सारखी म्हणत राहतात, जाहिरातीतली, बातम्यांतली, कुणाच्या रागावण्यातली. पुष्कळ जण त्याला निरर्थक बडबड समजतात. बऱ्याचदा ते बोलणंच असतं. समजा, "खिडकी लाव, पाऊस आला" असं कधीतरी घरात कुणी घाबरून ओरडलं असेल आणि मुलानं ती अख्खी ओळ भीतीसाठी ठेवून दिली असेल. मग शिमग्याला ढोल वाजला तरी ते तेच म्हणणार. ती ओळ कधी येते, कशाच्या आधी येते, आवाज कसा असतो, हे टिपणारा माणूस हवा. ज्याला ओळी लक्षात राहतात, त्याला हे लवकर दिसतं. शिमग्याचा विषय निघालाच आहे तर सांगते: ज्या मुलांना आवाज सोसत नाही त्यांच्यासाठी पालखी दारात यायच्या बऱ्याच आधीपासून तयारी करा. आधी लांबून ढोल, मग पालखी, मग नारळ, मग ढोल जातो, मग जेवण. हा क्रम चित्रांनी आणि दोन ओळींच्या गाण्यानं रोज सांगा. आवाज नको झाला तर मूल कुठल्या खोलीत जाईल हे घरच्यांशी आधीच ठरवा, आणि त्या खोलीत जायला त्याला कुणी अडवायचं नाही हेही.

या सगळ्यात तुमची कविता कुठे गेली, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं तिचा मोठा भाग तुमच्या नजरेत गेला आहे, आणि तुम्ही तो मोजतच नाही. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तुम्ही बनवता. त्यात "स्वावलंबन वाढवणे", "संवाद कौशल्य विकसित करणे" अशी उद्दिष्टं लिहिलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. अशा उद्दिष्टाचं वर्षअखेर काहीच कळत नाही, कारण ते पुरं झालं की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. "पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून, न सांडता तीन घोट पिईल, पाचपैकी चार वेळा", हे उद्दिष्ट आहे. पेला दिसतो, हात दिसतात, घोट मोजता येतात. कवितेत "निसर्ग सुंदर आहे" असं लिहायचं नसतं, काय दिसलं ते लिहायचं असतं, हे तुम्ही दोन वह्या भरताना शिकलात. तोच धडा आराखड्यात चालवा. "प्रतिसाद दिला" असं लिहिण्याऐवजी "हाक मारल्यावर डावीकडे मान वळवली, डोळे मिटले, हसला" असं लिहा. पुढच्या वर्षी ते मूल दुसऱ्या बाईंच्या वर्गात जाईल तेव्हा त्यांना त्या एका वाक्यातून मूल भेटेल. भौतिकोपचार करणाऱ्यांना, वाचा उपचार करणाऱ्यांनाही अशाच नोंदी हव्या असतात. आपल्याकडे ते बहुधा महिन्या-पंधरा दिवसांनी, तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी भेटतात. मधल्या दिवसांत काय झालं ते त्यांना तुमच्याच शब्दांतून कळणार.

पण म्हणून वहीतली कविता नको, असं मी म्हणत नाही. उलट, ती कशाच्याही उपयोगाची नसावी, अशी माझी तीव्र इच्छा आहे. वर्गातल्या गाण्याला काम असतं. वहीतल्या कवितेला काम देऊ नका. तिनं मुलांना शिकवू नये, स्पर्धेत नंबर आणू नये, तुमच्या नोकरीचं महत्त्व समाजाला पटवून देऊ नये. ती तुमची स्वतःची असू दे. दिवसभर दहा-बारा मुलांच्या अंगावरचे, चेहऱ्यावरचे बारीक बदल टिपून घरी आल्यावर शब्द उरत नाहीत यात नवल नाही. ते दमणं आहे, कविता मेल्याची खूण नव्हे. संध्याकाळी लिहायला बसूच नका. सकाळच्या एसटीत खिडकीपाशी जागा मिळते का बघा. नाहीतर मे महिन्याची सुट्टी आहेच, जरी आंब्याची पेटी भरायला तेव्हाच घरी सगळ्यांचे हात लागतात. एक ओळ लिहा, चुकीची असली तरी असू दे. मालगुंडला १८६६ मध्ये जन्मलेले केशवसुत आयुष्याचा बराच काळ शिक्षकाची नोकरी करत राहिले, शेवटी खानदेशात फैजपूरला, मग धारवाडला. त्यांनी लिहिलं ते पोटापाण्याचं शिकवणं सांभाळून. गणपतीपुळ्याला जाणं झालं तर वाट थोडी वाकडी करून मालगुंडचं त्यांचं स्मारक बघून या. वही बरोबर असू द्या.

आता त्या कविसंमेलनाबद्दल. तुमचं मन तयार होत नाही, ते बरोबर सांगतंय. कारण मी सांगते.

तालुका लहान आहे. तुम्ही नाव घेतलं नाहीत तरी पहिल्या कडव्यातच निम्म्या सभागृहाला कळेल की हा मुलगा कुणाचा. त्याची आई कदाचित तिसऱ्या रांगेत बसलेली असेल. रडलेले लोक दुसऱ्या दिवशी बाजारात तिला भेटतील आणि तिच्या मुलाकडे त्याच ओल्या डोळ्यांनी बघतील. तिनं इतकी वर्षं खटपट करून त्याला वाण्याच्या दुकानात एकट्यानं जायला शिकवलेलं असतं. आता वाणी त्याच्याकडून पैसे घेणार नाही, "राहू दे बाळा" म्हणेल, आणि सुट्टे पैसे मोजून परत घ्यायचा त्याचा सराव तिथेच मोडेल. दयेचा हा असा परिणाम होतो. त्याच २०१६ च्या कायद्याचं तिसरं कलम इतरांच्या बरोबरीनं सन्मानानं जगण्याच्या हक्काबद्दल बोलतं. सभागृहाला रडवण्यासाठी एखाद्या मुलाची लाळ, त्याचं चालणं, त्याचं न बोलणं व्यासपीठावर मांडणं त्या सन्मानात बसत नाही. शिवाय, ज्याच्यावर कविता आहे त्याला आपण विचारलेलंच नाही. तुमच्या वर्गात वर्षानुवर्षं बसणारं मूल तुमच्यावर भरवसा ठेवून बसतं. त्याच्याकडून जे दिसलं ते तुम्हाला शिक्षिका म्हणून दिसलं.

मग या मुलांबद्दल कधीच लिहायचं नाही का? लिहा. स्वतःच्या रागाबद्दल लिहा, दमण्याबद्दल लिहा, पहिल्यांदा कुणी तुमचं बोट सोडून चालत गेलं त्या दिवसाबद्दल लिहा. एखाद्या मुलाबद्दल लिहावंसं वाटलं तर त्याच्या घरी जा, पडवीत बसून आधी त्याच्या आईला वाचून दाखवा, आणि मुलाला ऐकण्यातलं जेवढं झेपेल तेवढं त्यालाही. वाचताना तुमचा आवाज कुठे अडखळला, तर ती ओळ काढून टाका. दोघांनी हो म्हटलं तर बाकीची ठेवा.

आयोजकांना साधं उत्तर द्या: "मी माझ्या विद्यार्थ्यांवरच्या कविता जाहीर वाचत नाही. मी दुसरी कविता वाचीन." तुमच्याकडे दोन वह्या आहेत, चौथीतली पावसाची कवितासुद्धा चालेल, कोकणात पावसाच्या कवितेला श्रोते कमी पडत नाहीत. आणखी एक गोष्ट सुचवता आली तर बघा. तुमच्या वर्गातल्या कुणाला व्यासपीठावर येऊन गाणं म्हणायची मनापासून हौस असेल, घरच्यांची संमती असेल, तर त्याला बोलवा, पण इतर कवींसारखं, नाव घेऊन. त्याच्या आधी निवेदकानं "विशेष मूल", "देवाचं लेकरू" वगैरे प्रस्तावना करायची नाही, ही अट आधीच घाला. त्या दिवशी त्याला नको वाटलं तर नको, हीसुद्धा.

नोकरीचं शेवटी ठेवलं, कारण मला ते सगळ्यात सोपं वाटतं. पगार वेळेवर होत नसेल, मानधनावर वर्षानुवर्षं काढून कंटाळला असाल, मुलांना उचलून पाठ गेली असेल, घरापासून शाळा फार लांब असेल, तर ती सगळी शाळा बदलण्याची सरळ, मानाची कारणं आहेत. त्यासाठी कुणापुढे मान खाली घालायला नको. पण कवितेसाठी बदलू नका. नेहमीच्या शाळेत मराठी शिकवणं म्हणजे पाठ्यपुस्तकातली कविता, तिचं रसग्रहण, तिच्यावरचे पाच गुणांचे प्रश्न आणि गठ्ठ्यांनी उत्तरपत्रिका. तुमची स्वतःची ओळ तिथे आपोआप परत येईल, असं मला वाटत नाही. डी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून तुम्ही या वाटेला आलात, हेही मनातून काढून टाका. कुठल्या दारानं आत आलात यापेक्षा इतकी वर्षं आत राहिलात, हे मोठं आहे.

आणि गेलातच, तर एक करा: विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडची तुमची नोंदणी जिवंत ठेवा. दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे कार्यक्रम करून गुण जमवावे लागतात, ते शेवटच्या वर्षावर टाकू नका. नेहमीच्या शाळेतही प्रत्येक वर्गात अक्षरांशी झगडणारी, उलटसुलट वाचणारी, "आळशी" म्हणून मागच्या बाकावर बसवलेली मुलं असतात. त्यांना ओळखणारं माणूस त्या शाळेत बहुधा नसतं. त्या मुलांची तपासणी वेळेत व्हावी, परीक्षेत त्यांना मिळू शकणाऱ्या सवलतींचे अर्ज दहावीच्या बरेच आधी भरले जावेत, हे काम पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांशी बोलून तुमच्याकडे मागून घ्या.